गरम हवा कुठं सोडायची?

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. हवा का तापते, तापलेली हवा कुठं जाते आणि तिच्या जागी गार हवा कुठून येते, हे मी आजवर कितीतरी पोरांना फळ्यावर बाण काढून समजावलंय. तेव्हा तापलेल्या हवेवरूनच एका मयत बाईची माफी मागायची वेळ माझ्यावर यावी, हे मला फार लागलं. दुसरा कुठलाही विषय असता तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

सुरुवात आईच्या डोळ्यापासून झाली. आई सांगोल्याजवळच्या आमच्या गावी राहते. मोतीबिंदू पिकला म्हणून तिला सोलापुरात आणलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याला धूळ नको, उजेड नको आणि घाम तर अजिबात नको. गार खोलीत ठेवा." हे वाक्य डॉक्टरांनी मे महिन्यात, सोलापुरात, स्वतः एसीखाली बसून उच्चारलं. मी म्हटलं, "कूलर चालेल?" ते म्हणाले, "ओलसर हवा नको." म्हणजे डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या आईला घेऊन आता मी काश्मीरलाच जायचं बाकी होतं.

आम्ही जुळे सोलापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, अगदी वरच्या मजल्यावर. वर थेट गच्ची. दुपारी भिंतीला हात लावला तर भाकरी भाजून होईल की काय असं वाटतं. भिंतीवरचा एसी बसवायचा म्हणून घरमालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "भिंतीला भोक पाडायचं न्हाई सर. भिंतीला भोक म्हणजे माझ्या काळजाला भोक." सोसायटीचे सेक्रेटरी मृत्युंजय हिरेमठ यांनी त्याहून वरचा सूर लावला. बाहेरच्या बाजूला यंत्र टांगलं तर इमारतीचं 'एलेव्हेशन' बिघडतं, असं ते म्हणाले. आमच्या इमारतीच्या एलेव्हेशनवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, तुटके पत्रे आणि कुणाच्या तरी लग्नातल्या लाईटच्या माळा आहेत, पण मी वाद घातला नाही. मी वाद घालत नाही. माझं नाव दिग्विजय आहे, एवढ्यावरून लोकांचा गैरसमज होतो.

म्हणून मग चाकांवरचा एसी आणला. दुकानदार म्हणाला, "भोक न्हाई, स्टँड न्हाई. कुठंही ढकलत न्या की सर!" यंत्र दिसायला गुबगुबीत, कमरेएवढं, आणि त्याला मागून हत्तीच्या सोंडेसारखी एक जाड पाईप. ही पाईप कशासाठी, असं माझ्या बायकोनं, अपेक्षानं, विचारलं. खोलीतली गरमी ओढून या पाईपमधून बाहेर सोडतात, असं मी तिला समजावलं. तिनं शिलाई मशीनवरून मान वर केली आणि विचारलं, "बाहेर म्हणजे कुठं?"

त्या वेळी मला तो प्रश्न फालतू वाटला.

पाईपबरोबर खिडकीत बसवायची एक पट्टी आली होती. ती ज्या देशातल्या खिडक्यांसाठी केली होती, तिथं चोर नसावेत. आमच्या खिडकीला लोखंडी गज. दोन गजांतून पाईप जाईना. शेवटी पाईपचं तोंड दाबून, चपटं करून गजांत कोंबलं आणि उरलेल्या फटी थर्माकोल, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि आईचं एक जुनं लुगडं यांनी बुजवल्या. खोली भर दुपारी काळीकुट्ट झाली. यंत्र सुरू केलं आणि घरातली लाईट गेली. फ्रीज, शिलाई मशीन आणि थंडी या तिन्ही गोष्टी आमच्या वायरींना एकदम झेपत नव्हत्या. लोड वाढवायला वीज कंपनीत गेलो तर ते म्हणाले, मालकाची संमती आणा. मालक म्हणाले, सोसायटीचं पत्र आणा. हिरेमठ म्हणाले, "वीजवाल्यांनी लोड वाढवलं की लगेच पत्र देतो." मग अपेक्षानं दुपारी ब्लाऊज शिवणं बंद केलं आणि आईच्या खोलीत गारवा आला.

पाईप जिथं बाहेर निघाली होती, तिथंच शेजारच्या सिद्धप्पांची बाल्कनी होती. सिद्धप्पांचं भुसार मालाचं दुकान आहे. दुपारी दुकान बंद ठेवून ते घरी येतात आणि सगळ्यांना सल्ले देतात. पहिल्या दिवशी त्यांची बायको भुवनेश्वरीवहिनी खूश झाल्या. बाल्कनीत घातलेले पापड बघता बघता वाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुरडया घातल्या, त्याही वाळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचं कुंडीतलं बेलाचं रोप वाळलं.

"सर, बेल वाळला की," सिद्धप्पा दारात उभे राहून म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण महादेवाच्या वतीनं ते आलेत हे मला कळलं. मागोमाग हिरेमठांची नोटीस आली: 'कोणत्याही सभासदाने वा भाडेकरूने आपली उष्णता दुसऱ्याच्या हद्दीत सोडू नये.'

खोलीला दुसरी एक छोटी खिडकी होती, डक्टकडे उघडणारी. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली अरुंद उभी पोकळी, जिच्यातून सगळ्यांचे पाण्याचे नळ खाली जातात आणि कबुतरं वर येतात. "तिकडं सोडा की," सिद्धप्पांनीच सुचवलं. "तिकडं कोण राहतंय?" डक्टपलीकडे हात पुरेल इतक्या अंतरावर आमच्याच मजल्यावरच्या तिसऱ्या फ्लॅटची खिडकी होती. काचेच्या पट्ट्या निखळलेल्या, आत अंधार. त्या फ्लॅटला आम्ही राहायला आलो तेव्हापासून कुलूप होतं. मालक पुण्याला असतो, एवढंच मला माहीत. मी पाईप डक्टमध्ये सोडली. पाईपचं तोंड नेमकं त्या खिडकीसमोर आलं. मला वाटलं, प्रश्न मिटला.

त्यानंतर खोली विलक्षण गार पडायला लागली. यंत्रावर जो आकडा लावला असेल त्याच्यापेक्षाही गार. दार उघडलं की पायांना विहिरीतली हवा लागावी तसं व्हायचं. एक कोपरा तर, डक्टच्या खिडकीखालचा, असा थंड असायचा की तिथं फरशीवर हात ठेवला तर तळवा आखडायचा. मला वाटलं, वस्तू चांगली निघाली. मी शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर तिचा फोटोही टाकला.

सोलापूरची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती शांतता सांगून कळायची नाही. रस्ता पांढरा होतो. कुत्री गाड्यांखाली शिरतात. रिक्षावाले रिक्षातच आडवे होतात आणि कुणी पाणी मागायलाही हाक मारत नाही. जुनी माणसं म्हणतात, ही वेळ माणसांची नाही. सुट्टी असल्यामुळं मी हॉलमध्ये पंख्याखाली फरशीवर पडून असायचो. आत यंत्र घूं घूं करायचं. आणि त्या घूं घूंच्या खाली आई कुणाशी तरी बोलत असायची.

आईला बोलायला माणूस लागतं. गावाकडं तिचा सगळा दिवस वाटेनं जाणाऱ्याला थांबवण्यात जातो. इथं आल्यापासून ती रोज म्हणायची, "दिगू, मला गावाला सोड. हितं भितींशी बोलू का?" ते म्हणणं आता थांबलं होतं. एका दुपारी मी हळूच दार ढकललं. आई पलंगावर बसलेली, डोळ्यावर पट्टी. खाली कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून कुणी बाई कुशीवर पडलेली. डोक्यावरून पदर, हिरवं इरकली लुगडं. परक्या बाईमाणसाची झोप चाललेली असताना आपण डोकावणं बरं नव्हे, म्हणून मी दार लोटून घेतलं. सिद्धप्पांच्या घरी अक्कलकोटकडचे पाहुणे कायम असतात. त्यांच्यातली कुणी मावशी गारव्याला आली असेल, असं मी धरून चाललो.

अपेक्षाही तेच धरून चालली होती. ती दुपारी दोन कप चहा आत ठेवून यायची आणि थोड्या वेळानं दोन रिकामे कप घेऊन यायची. पाहुणीला बाहेरचं दार मी उघडतो असं तिला वाटत होतं. दार ती उघडते असं मला वाटत होतं.

आईला साखरेचा त्रास आहे. मी एकदा कप पाहिले आणि मला संशय आला, की दोन्ही कप आईच पीत असणार आणि नाव पाहुणीचं. जाब विचारला, तर आई भडकली. "मी कशाला पिऊ दोन? एक माझा, एक तिचा. तिला साखर जास्त लागती." मी तिला रक्त तपासायला नेलं. साखर इतकी छान आली की डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं. म्हणजे दुसरा कप खरोखर दुसरंच कुणी पीत होतं. त्या वेळी मला त्यात आनंद वाटला, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

संध्याकाळी भुवनेश्वरीवहिनी वाटीभर शेंगाचटणी घेऊन आल्या. बेलाचं प्रकरण त्यांनी मोठ्या मनानं सोडून दिलं होतं. मी सहज म्हटलं, "तुमच्या पाहुण्या मावशी फार शांत आहेत हो. आईला छान सोबत झाली."

"कुठल्या मावशी?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडं तर महिनाभर कुणी न्हाई आलं."

अपेक्षानं माझ्याकडं बघितलं. मी अपेक्षाकडं बघितलं. आई पलंगावरून आतून म्हणाली, "आगं, ती निंगव्वा! कानडी बोलती. मला समदं कळतं न्हाय, पर बाई लई गुणाची हाय. म्हनली, माझं घर हितंच, भितीपल्याड."

वहिनींच्या हातातली वाटी खाली पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं, निदान काहीतरी आवाज झाला असता. त्या वाटी घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "निंगव्वा म्हणजे बंद फ्लॅटमधली की. ती जाऊन किती उन्हाळे झाले."

मग त्यांनी सांगितलं. निंगव्वा एकटी राहायची. मुलगा, प्रभुलिंग, पुण्याला नोकरीला. अशाच एका मे महिन्यात लाईट गेलेली, दुपारची वेळ, दार आतून बंद. पंखा नाही. खिडक्या तिनं ऊन येऊ नये म्हणून लावून घेतलेल्या. "आमी सगळे आपापल्या घरात झोपलेलो की," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी दार वाजवलं, तेव्हा..."

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं घर सोडलं असतं. पण भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. शिवाय आमच्या मजल्यावर सल्ल्यांना तोटा नाही. सिद्धप्पा म्हणाले, स्वामींना बोलवा, विभूती लावा, आणि यंत्रालाही लावा. हिरेमठांना हे कळलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून विचारलं, "भाडेकरूच्या घरात बाहेरची व्यक्ती रोज येते, तर सोसायटीला कळवायला नको?" मी म्हटलं, "बाहेरची नाही, त्या सभासद आहेत." हिरेमठ विचारात पडले. "माजी सभासद," ते म्हणाले. "वर्गणीही थकीत आहे." आणि जिन्यावरून उतरताना त्यांनी डाव्या हाताच्या त्या कुलूपबंद दाराकडं बघायचं कटाक्षानं टाळलं.

भूगोलाच्या शिक्षकानं एवढ्यावर विश्वास ठेवावा का? मी स्वतःला बजावलं, की ही हवेची करामत आहे. थंड हवा जड असते, ती खाली साठते. आईच्या डोळ्याला पट्टी आहे. आपण पाहिलं ते अंधारात टाकलेलं अंथरूण असेल. चहाचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतून कडी लावली आणि दाराला पाठ लावून स्टुलावर बसलो. आईला डुलकी लागली होती. अपेक्षा बाहेर जप करत होती. ती एरवी नास्तिक आहे.

बराच वेळ काही झालं नाही. यंत्र घुमत होतं, पाईप थरथरत होती. मग यंत्राचा आवाज तोच राहिला, पण लांब गेल्यासारखा झाला, जणू ते पलीकडच्या खोलीत चाललंय. माझ्या घोट्यांना गार लागलं. कापड फरशीवरून ओढत गेल्याचा आवाज आला, डक्टच्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. मग बांगड्या. मग म्हातारं माणूस बसताना सोडतं तसा एक लांब श्वास.

मी डोळे मिटून घेतले. तसं करायची खरं तर गरज नव्हती, अंधारच होता.

"इल्ली तंप अद," कोपऱ्यातून आवाज आला. कोरडा, घशाला पाणी न मिळालेला. "अल्ली भाळ बिसल अद."

मला कानडी येत नाही. पण भीतीत माणूस पाठांतर फार चांगलं करतो. मी कडी काढली, दार उघडलं आणि ती दोन वाक्यं पुटपुटत, वर्गात उभं केलेल्या पोरासारखा, भुवनेश्वरीवहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो. पायात चप्पल नव्हती, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

"इल्ली तंप अद, अल्ली भाळ बिसल अद," मी म्हणून दाखवलं.

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "हितं गार आहे," त्या म्हणाल्या. "तिथं लई ऊन आहे."

"तिथं म्हणजे कुठं?" सिद्धप्पांनी विचारलं. मेल्यावर माणूस कुठं जातं, या विषयावर त्यांची ठाम मतं आहेत, आणि ते बिचारे पांढरे पडले होते.

मला मात्र एकदम कळलं. इतक्या वर्षांचा भूगोल कामी आला म्हणा. मी घरात आलो, आईच्या पलंगाला वळसा घालून डक्टच्या खिडकीशी गेलो आणि पुठ्ठ्याच्या फटीतून पाहिलं. माझी पाईप आमची सगळी गरमी थेट त्या निखळलेल्या पट्ट्यांतून पलीकडं ओतत होती. उकाड्यानं गेलेल्या बाईच्या बंद घरात मी रोज दुपारी आणखी उकाडा भरत होतो. ती घाबरवायला येत नव्हती. तिला बसायला जागा उरली नव्हती.

यंत्र बंद केलं. पण तेवढ्यानं मला चैन पडेना. तो फ्लॅट उघडून हवा खेळती करायला हवी होती. पाणी गळलं तर असावी म्हणून एक किल्ली हिरेमठांकडं होती. "मालकाच्या परवानगीशिवाय देता येत नाही," ते म्हणाले. "आणि कारण काय सांगणार?" बऱ्याच चर्चेनंतर 'आतील उष्णता' हे कारण ठरलं. मी स्वतः पुण्याला फोन लावला. प्रभुलिंगला कसं सांगावं कळेना. मी हवामानापासून सुरुवात केली, मग पाईपवर आलो, मग आईच्या डोळ्यावर, आणि शेवटी अडखळत म्हणालो, "तुमच्या मातोश्री आमच्याकडं येऊन बसतात."

तो मला वेडा म्हणेल किंवा पोलिसांत जातो म्हणेल, असं वाटलं होतं. पलीकडं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग त्यानं विचारलं, "तिला गरम होतंय का?"

"होत होतं," मी म्हणालो. "आता नाही होऊ देणार."

"उघडा," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आम्ही चौघांनी मिळून कुलूप काढलं. हिरेमठ सगळ्यांत मागं, पण नियमाप्रमाणं हजर. दार उघडताच भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा अंगावर आली. आत धूळ सारखी पसरलेली, तिच्यावर पाऊल म्हणून नाही. भिंतीवरचं कॅलेंडर वाळलेल्या पानासारखं गुंडाळलं गेलं होतं. देवळीतली मेणबत्ती वितळून खाली सांडली होती. आणि समोर, डक्टच्या खिडकीकडं तोंड करून, निंगव्वाचा फोटो. काचेवर पाणी साचलं होतं. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर थेंब, आणि एक थेंब आमच्यादेखत गालावरून खाली ओघळला.

त्याचं कारण मला सांगता येतं. अशी यंत्रं खोलीतला ओलावाही पाईपमधून बाहेर टाकतात, तो काचेवर धरतो. मी ते सिद्धप्पांना सांगितलंही. ते म्हणाले, "व्हय सर." वहिनी पदराचं टोक डोळ्याला लावून उभ्या होत्या.

मी खिशातला रुमाल काढला आणि काच पुसली. कपाळ आधी पुसलं, मग गाल. "चुकलं," मी म्हणालो. "आम्हाला कळलं नाही." आयुष्यात मी मुख्याध्यापकांची, घरमालकांची, अपेक्षाच्या भावाची, अशा पुष्कळांची माफी मागितली आहे, पण इतकी मनापासून कुणाचीच नाही. हिरेमठ मागून खाकरले आणि म्हणाले, "थकीत वर्गणीचा विषय सोसायटी पुढच्या सभेत मार्गी लावेल." त्यांच्या परीनं तीही माफीच होती.

आम्ही सगळ्या खिडक्या उघडल्या, फरशी धुतली, भुवनेश्वरीवहिनींनी माठ भरून ठेवला. दोन दिवस हवा खेळू दिली आणि मग खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवून पुन्हा कुलूप लावलं. यंत्र मी हॉलमध्ये ढकललं. आता त्याच्यावर अपेक्षा शिवलेले ब्लाऊज टांगते. डॉक्टरांनी पट्टी काढली, बाहेर जाताना घालायला काळा चष्मा दिला, आणि ओल्या हवेची भीती सरल्यावर मी आईच्या खोलीला वाळ्याचे पडदे लावले.

निंगव्वा त्यानंतर आमच्या घरी आली नाही. अपेक्षानं पहिले काही दिवस दोन कप ठेवून पाहिले. एक तसाच निवून जायचा, वर साय धरायची. घरात सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण आई पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडू लागली. जेवताना बोलेना. "तुमी तिला हाकललं," एवढंच म्हणाली. मी समजावलं, की आई, त्या आता सुखात आहेत, घर गार केलंय त्यांचं. "मग मला गावाला सोड," आई म्हणाली. "तितं तरी कुनी हाय का माझं? वाट बघत बसायचं आनि काय." गावाकडच्या वाटेनं आता फारसं कुणी जात नाही, हे मलाही ठाऊक आहे.

एका दुपारी लाईट गेली. अशी लाईट गेली की संपूर्ण जुळे सोलापूर मुकं झालं. पंखा थांबता थांबता त्याचा शेवटचा कुरकुर आवाज ऐकू आला, आणि मग मला जाणवलं की आईच्या खोलीत कुणीच नाही. पलंग रिकामा. दार उघडं. काळा चष्मा उशाशी. मी अपेक्षाला हाक मारली आणि जिन्याकडं धावलो. इतक्या उन्हात, इतक्या नाजूक डोळ्यांनी म्हातारी रस्त्यावर गेली असती तर...

ती रस्त्यावर नव्हती. ती आमच्या मजल्यावरच, त्या कुलूपबंद दाराला पाठ टेकून पायरीवर बसली होती. पाय पसरलेले, पदर मांडीवर. चेहऱ्यावर घामाचा टिपूस नव्हता.

"आई, इथं काय करतेस? उठ, आत चल."

"हितं बस," आई म्हणाली. "हात लाव बघ."

मी दाराच्या खालच्या फटीशी हात नेला. आतून गार झुळूक येत होती. यंत्राची नाही, वाळ्याचीही नाही. पावसाच्या आधी शेतावरून येते तशी, मातीचा वास असलेली. बाहेर सगळं शहर भाजून निघत होतं, आणि त्या अंधाऱ्या बोळात हा एवढा तुकडा गार होता. माझ्याकडं त्याचं कारण नाही. मी ते शोधलंही नाही.

मी आईच्या शेजारी बसलो. अपेक्षा दारात येऊन उभी राहिली, मग तीही हळूच येऊन माझ्या पलीकडं टेकली. समोरचं दार किलकिलं झालं, भुवनेश्वरीवहिनींनी आम्हाला पाहिलं, आणि आपलं दार तसंच उघडं ठेवून त्या आत गेल्या.

आई हलक्या आवाजात बोलत होती, गावच्या डाळिंबांबद्दल, मेलेल्या शेळीबद्दल, अर्धं मराठी आणि अर्धं कुठून तरी शिकलेलं कानडी. मध्येच ती थांबायची, ऐकायची, हुंकार द्यायची आणि पुढं सुरू करायची. मला दुसऱ्या बाजूचं काही ऐकू येत नव्हतं. हळूहळू तिचा आवाज विरत गेला. तिचं डोकं मागं कलंडलं, दाराच्या लाकडाला टेकलं, आणि तिला झोप लागली.

मी तिला उठवलं नाही. थोड्या वेळानं आतून दारावर भार आला, कुणीतरी पाठ टेकून बसावं तसा. दार अगदी किंचित आमच्याकडं सरकलं, कडीतलं कुलूप एकदाच वाजलं, आणि ते तसंच थांबलं, आईच्या डोक्याला आधार देऊन.